एका फुलाची बिअर

बँकेच्या नोकरीसाठी अमरावतीत मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते, ते काका घरी बिअर बनवायचे. ही गोष्ट मी अकोल्याला आईला कधी कळू दिली नाही. तिला एवढंच सांगितलं होतं, की घरमालक रिटायर झालेले आहेत, मालकीणबाई महानुभाव पंथाच्या आहेत आणि घर अगदी शांत आहे. यात खोटं काहीच नव्हतं. घर शांत होतं, कारण नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते.

काकूंचं माहेर रिद्धपूरच्या, म्हणजे महानुभावांच्या तीर्थाच्या, बाजूचं. लहानपणीच पंथाचा उपदेश घेतलेला, म्हणजे दारू-मांस वर्ज्य. अंगणात चालतानासुद्धा मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून पाऊल टाकणारी ही बाई. आणि काकांनी जन्मभर अकोल्याच्या एका तेल गिरणीच्या प्रयोगशाळेत तेलं हुंगली, तपासली. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे बंगळुरूला राहून आले आणि येताना हा नाद घेऊन आले. पिण्याचा नव्हे, करण्याचा. स्वतः एक ग्लास घ्यायचे, तोही उभ्याउभ्या, डोळे मिटून, औषध घेतल्यासारखा. बाकीचा माल त्यांचे दोन जुने मित्र कापडी पिशवीतून घेऊन जायचे. शेजारीपाजारी विचारत, काय शिजून राहिलं? काका सांगत, काढा. वासावरून लोकांना तो खराही वाटायचा.

काकूंनी आदळआपट केली नाही, माहेरी गेल्या नाहीत. त्यांनी फक्त काकांशी बोलणं बंद केलं आणि त्यांचा सगळा पसारा मागच्या टिनाच्या शेडमध्ये हाकलला. पण ताट मात्र त्याच वाढायच्या. दोन्ही वेळा, गरम. तव्यावरची भाकर थेट ताटात, वर तुपाची धार, आणि नजर दुसरीकडे. काका मान खाली घालून जेवायचे आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचे. त्या दोघांचं लग्न जेवढं म्हणून शिल्लक होतं, ते त्या ताटात होतं. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. काकांना ते माझ्या कितीतरी आधीपासून कळलेलं असावं, कारण बाहेर कुठं लग्नकार्य असलं तरी हा माणूस तिथं पाण्याचा घोट घेऊन घरी जेवायला यायचा.

बोलायचं असलंच तर मध्ये भुऱ्या होता. भुऱ्या म्हणजे रस्त्यावरचा तांबूस कुत्रा, पिल्लू असताना जुन्या कूलरच्या गवतात सापडलेला. काकू त्याला सांगायच्या, "भुऱ्या, सांग त्यायले, गॅस सरला." काका दोन हातांवर बसलेले असायचे. ते म्हणायचे, "भुऱ्या, सांग तिले, नंबर लावला म्हना." भुऱ्या दोघांकडे आळीपाळीनं बघायचा. त्याच्याइतकी जबाबदारीची नोकरी आमच्या बँकेतही कोणाला नव्हती.

काकांना सगळं हुंगायची सवय. पेपर आला की आधी वास, मग बातम्या. माझी नवीन ओढणी वाळत घातलेली दिसली तर जवळ जाऊन नाक लावलं आणि म्हणाले, "मॅडम, याचा रंग पहिल्याच धुन्यात जाईन." गेला. कडुनिंबाचं पान, कारल्याची फोड, मेथी, असलं काहीतरी ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ठेवायचे आणि विचारायचे, "कडू कुठं लागलं? पुढं का मांगं? गिळल्यावर राह्यलं का गेलं?" माणूस पाहुणा म्हणून आलेला असे, चहाची वाट बघत बसलेला असे, आणि त्याच्या तोंडात कडुनिंब. परत फारसे कोणी येत नसत.

बिअर कशी करतात हे मला त्यांच्यामुळे कळलं, माझी इच्छा नसताना. मोड आणून वाळवलेला जव भरडायचा, गरम पाण्यात भिजवायचा आणि गोड रस गाळून घ्यायचा. तो रस मोठ्या गंजात उकळायचा, आणि उकळताना त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. आपल्याकडे येतात त्या दळून दाबलेल्या हिरव्या गोळ्या, सरकीच्या ढेपेचा बारीक चुरा वाटावा अशा. कडूपणा त्यांचा, वासही त्यांचाच. आणि काकांचा सगळा जीव अडकलेला असायचा तो या गोळ्या कधी टाकायच्या यात.

"मॅडम, कढीपत्ता फोडनीत टाकता ना? अन् सांबार?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"सांबार उतरवल्यावर."

"मंग झालं तर. सुरुवातीले टाकलं का कडू उतरते, वास उडून जाते. शेवटी टाकलं का वास राह्यते, कडू लागत नाही. फूल तेच. टाईम बदलला का फूल बदलते."

दोन जातींची फुलं ते कधीच एकत्र टाकत नसत. मुलानं सुचवून बघितलं होतं, की बाबा, मिसळतात सगळे. काकांनी त्याला फोनवर झाडलं होतं. "एका वेळी एकच फूल. दोन टाकले अन् बिघडलं, तर कोनाची चूक ते समजन का तुले?"

उकळायच्या आदल्या दिवशी ते शेडच्या ओट्यावर स्टीलच्या वाट्या ओळीनं मांडायचे. पहिल्या वाटीतल्या गोळ्या उकळी फुटल्याबरोबर, दुसरीतल्या उकळी संपत आल्यावर, तिसरीतल्या गॅस बंद केल्यावर, चौथीतल्या थेट आंबवायच्या पिंपात. मग एका वाटीतल्या चार गोळ्या उचलून दुसरीत टाकायच्या, मागं सरकून बघायचं, परत काढायच्या. हा खेळ दुपारभर चालायचा. मी एकदा म्हटलं, काका, हळदीकुंकवाला सुद्धा एवढी मांडामांड करत नाहीत. ते हसले नाहीत. "कडू आधी, वास मांगून," एवढंच म्हणाले. हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं.

आणि बिअरपुरतंच असतं तरी चाललं असतं. हे गृहस्थ माणसांशीही तसेच वागायचे. समोरच्यांनी परतवाडा रोडला प्लॉट घेतला आणि पेढे घेऊन आले. काकांनी पेढा हातात धरून विचारलं, कोणत्या बाजूले? मग म्हणाले, "त्या नाल्याच्या अंगाले? तिथं पानी साचते. फसले तुमी." आणि मग पेढा तोंडात टाकून, "पेढा मात्र भल्ला चांगला हाये." समोरच्या वहिनी वर्षभर आमच्या फाटकाकडे बघत नव्हत्या. काकांना त्यात आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. खरं होतं ते सांगितलं, गोडही मागून सांगितलं, आता आणखी काय पाहिजे?

उन्हाळ्यात तर त्यांच्या तऱ्हांना सीमा नसायची. अमरावतीचा मे महिना, भिंतीला हात लावला तर चटका बसावा. घरात मोठा कूलर एकच, आणि त्याच्यासमोर, टिनाखाली नासेल म्हणून उन्हाळ्यापुरतं आत आणलेलं, ओलं गोणपाट गुंडाळलेलं बिअरचं पिंप. काका स्वतः डोक्यावर ओला दुपट्टा टाकून व्हरांड्यात पडून राहायचे. काकू म्हणायच्या, "भुऱ्या, पाह्य बाप्पा. मानसाले कूलर नाही अन् टाकीले हाये." काका डोळे न उघडता म्हणायचे, "भुऱ्या, सांग तिले, मानूस उन्हानं नासत नाही."

पण या सगळ्या पसाऱ्यातली एक गोष्ट काकूंनी आपली मानली होती, ती म्हणजे जवाचा चोथा. रस गाळून घेतला की मागं घमेलंभर भिजलेला जव उरायचा. तोवर त्यात दारूचा संबंध नाही, आंबवणं नाही, काही नाही. नुसतं धान्य. आणि धान्य फेकणं काकूंच्या रक्तात नव्हतं. काका वाफाळतं घमेलं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "जव ठेवला." इथं भुऱ्या मध्ये नसायचा. काकू आतून म्हणायच्या, "हं." बस. त्या दोन शब्दांसाठी हा माणूस इतक्या वेळा बिअर लावतो की काय, असं मला कधीकधी वाटायचं. मग काकू अर्धा चोथा फाटकाशी येणाऱ्या गाईला घालायच्या. उरलेल्यात कणीक मिसळून भुऱ्यासाठी जाड रोट्या भाजायच्या आणि अंगणात बसून त्याला आपल्या हातानं एकेक तुकडा भरवायच्या. हॉप्सचा गाळ मात्र उकळल्यानंतरचा, वेगळा. तो काका मागं खड्ड्यात पुरायचे.

अशाच एका मे महिन्यात बंगळुरूहून हॉप्सचं पार्सल आलं ते कुठल्यातरी गोदामात उन्हानं शिजून आलं. काकांनी पाकीट फोडलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "वास मेला. कडू हाये अजून." फेकायचे नाहीत, हे तर ठरलेलंच. मग मुलानं पाठवलेले व्हिडिओ बघणं, वाट्या मांडणं, मोडणं सुरू झालं. रविवारी सकाळी मी खाली गेले तर ओट्यावर नेहमीच्या ओळीच्या आधी एक नवीन वाटी होती.

"ही कायची, काका?"

"ही उकळीच्या आधीची. जव भिजते ना, त्यातच टाकून राह्यलो. कडू नरम उतरते म्हंतात." चेहऱ्यावर पोरासारखा आनंद होता. "नवीन टाईम सापडला, मॅडम."

इतका विचार करणारा माणूस. कडू किती, वास किती, गोळी आधी की मागून, सगळं त्यांनी तोललं. ती गोळी रसात किती उतरेल हे त्यांनी बघितलं, चोथ्यात किती उरेल हे बघितलं नाही. त्यांच्या हिशेबात चोथा नव्हताच. तो काकूंचा होता.

दुपारी उंबऱ्यावर घमेलं आलं. "जव ठेवला." "हं." गाईनं खाल्लं. भुऱ्यानं रोटी खाल्ली, आणखी मागितली, काकूंनी दिली.

ऊन कलायच्या सुमाराला काकूंची हाक ऐकू आली. मी धावत खाली आले. भुऱ्या अंगणात आडवा पडून भात्यासारखा धापत होता. अंगाला हात लावला तर तापलेला तवा. काकू त्याच्यावर बादल्यांनी पाणी ओतत होत्या आणि ते पाणी जणू त्याला लागतच नव्हतं. काका शेडमधून आले, एक क्षण बघितलं, मग आत जाऊन कूलरसमोरचं ते पिंप दोन्ही हातांनी ओढून बाजूला केलं आणि भुऱ्याला उचलून तिथं ठेवलं. गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो परतवाड्याला लग्नात होता. म्हणाला, ऊन लागलं, पाणी मारत राहा. आम्ही पाणी मारत राहिलो. भुऱ्याचे पाय ताठ झाले, अंगाला झटके येऊ लागले. दिवा लागायच्या आत तो गेला.

काकांनी त्याला मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पुरलं. काकू देवाजवळ बसून नाव घेत होत्या. मी जवळ बसले तर म्हणाल्या, "उन्हानं नेला, मॅडम. त्याची दोरी तेवढीच होती." त्यांचे डोळे ओले होते, पण मन कुठंतरी टेकलेलं होतं. दुःखाला बसायला जागा मिळाली होती. काका दारात उभे होते. काहीतरी बोलावंसं वाटत असावं, पण आता ते कोणामार्फत बोलणार?

तीन-चार दिवसांनी काका जिना चढून माझ्या खोलीत आले. ते वर कधी येत नसत. हातात फोन, आणि चेहरा राखेसारखा. "वाचा," म्हणाले. मी वाचलं. हॉप्स माणसाला चालतात, गाईला चालतात, कुत्र्याला चालत नाहीत. अंग तापत जातं, धाप लागते, झटके येतात. सगळं तेच, जसं आम्ही बघितलं होतं.

मला राग आला. त्यांचाही आणि त्या फोनचाही. मी म्हटलं, "काका, काकूंना सांगू नका."

"काहून?"

"काय फायदा? त्यायनं मनाची समजूत घातली आहे. कुत्रा तर परत येत नाही."

"डब्यात चोथ्याच्या रोट्या हायेत अजून. दुसऱ्या कुत्र्याले घातल्या तर?"

"फेकून द्या ना गुपचूप."

"तिनं इचारलं तर?"

"बुरशी लागली म्हना."

काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली काकू धुणं वाळत घालत होत्या. शेवटचा कपडा दोरीवर पडेपर्यंत ते तिथंच थांबले. मग म्हणाले, "मॅडम, तिचं-माहं बोलनंच केवढं हाये? दोन शब्द. त्यातही खोटं बोलू?"

थोड्या वेळानं ते जिना उतरू लागले, मी मागोमाग निघाले.

मी जिन्यातच थांबले. काकू ओसरीत अंबाडीची भाजी खुडत बसल्या होत्या. काका त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. कितीतरी वर्षांनी थेट समोर.

"भुऱ्याले ऊन नाही लागलं," काका म्हणाले. "त्या दिवशी चोथ्यात हॉप्स होते. मी टाकले होते. ते कुत्र्याले चालत नाही. मले मालूम नवतं. चूक माही हाये, सगळी."

काकूंचे हात थांबले.

"त्याले कोनं चारलं?"

"चूक माही हाये म्हनलं ना."

"मी ते नाही इचारलं. चारलं कोनं?"



काकूंनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. अंबाडीच्या देठांचा लाल डाग होता बोटांना. "दुसरी रोटी मागत होता," त्या म्हणाल्या. "नाही म्हनलं असतं तर जगला असता का?" आणि मग अगदी साध्या आवाजात, जसं कोणाला निरोप द्यावा तसं म्हणाल्या, "तुमी सांगून मोकळे झाले."

काकांना वाटलं होतं, चूक कोणाची ते एकदा नीट सांगितलं की ती ज्याची त्याच्याजवळ राहील. चूक काकांजवळच राहिली. पाप मात्र काकूंच्या हाताला लागलं, आणि ते काकांनीच नेऊन लावलं. मुंगी जपणाऱ्या बाईच्या हाताला.

दुसऱ्या दिवशी काका जेवायच्या वेळी पाटावर येऊन बसले. ताट आलं नाही. काकूंनी आपल्यापुरती भाकर केली होती, ती आत बसून खाल्ली. काका उठले आणि बाहेर गेले. त्यांना वाटलं असेल, राग आहे, उतरेल. मलाही तसंच वाटलं. गाय फाटकाशी येऊन उभी राहायची, काकू बाहेर यायच्या नाहीत. काही दिवसांनी गाय यायची थांबली. मी एकदा धीर करून विचारलं, "काकू, एवढा राग?"

"राग नाही हो," त्या म्हणाल्या. "राग होता तेव्हा वाढतच होती ना मी. या हाताचा भरोसा नाही राह्यला, मॅडम. कोनाच्या तोंडात काही घालू म्हनलं का तो दिसते मले."

रिद्धपूरला जाऊन दर्शन घेऊन आल्या, तिथल्या आश्रमातल्या तपस्विनी बाईंना विचारून आल्या. सगळ्यांनी सांगितलं, तुमच्याकडून अजाणता झालं. त्यांनी ऐकून घेतलं. हात काही पुढं झाला नाही.

काकांनी त्या पिंपातली बिअर मोरीत ओतली. वास विरेपर्यंत तिथंच उभे होते. शेडला कुलूप लागलं. त्यांना मेसचा डबा सुरू झाला. अर्ध्या अंशाचा फरक ओळखणारा हा माणूस डब्यातलं वरण थंड की गरम हेही न बघता गिळायचा. हुंगणं बंद झालं होतं. पेपर नुसता वाचायचे. मला त्यांची दया यायची आणि त्याच वेळी त्यांना गदगदा हलवावंसं वाटायचं, की दोन शब्द खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?

माझी अकोल्याला बदली झाली. दीडेक वर्षानं काकांच्या मुलाचा फोन आला, की बाबांना लकवा मारला, दवाखान्यातून घरी आणलंय, तुमचं नाव घेतात. मी रविवारची गाडी पकडून गेले. मुलगा औषधं आणायला बाहेर गेला होता. काका समोरच्या खोलीत पलंगावर होते, उजवी बाजू गेलेली, तोंड थोडं वाकडं. काकू शेजारी बसून त्यांचे पाय चोळत होत्या. मी बघत राहिले. काकूंनी काकांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, चादर बदलली, हातापायाला तेल लावलं. कशात कसूर नव्हती. भरवायला मात्र एक बाई ठेवलेली होती. ती दोन्ही वेळा येऊन भरवून जायची. तेव्हा ती नव्हती.

काकांनी ओठ हलवले. "पानी."

काकूंनी वाटीत पाणी ओतलं, चमचा ठेवला आणि वाटी पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली. काकांचा हात तिथवर पोचण्यासारखा नव्हता. त्यांनी वाटीकडे बघितलंच नाही. ते काकूंकडे बघत होते.

मी पुढं झाले, चमचा भरला आणि त्यांच्या ओठांशी नेला. काकांनी तोंड मिटून घेतलं. पाणी हनुवटीवरून मानेवर उतरलं. मी पुन्हा भरला. त्यांनी मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी.

"भरवते ती बाई, तिच्या हातचं घेतात ना?" मी विचारलं.

"मी घरात नसली का घेतात," काकू म्हणाल्या. "मी समोर असली का असंच."

त्यांनी पदरानं काकांची मान पुसली. हनुवटी पुसली. ओठांच्या कोपऱ्यातला थेंबही पुसला. मग हात मागं घेतला आणि मांडीखाली दाबून बसल्या.

"पाजा तुमी," त्या मला म्हणाल्या. "मी बाहेर जातो."

त्या उठल्या. काकांचे डोळे त्यांच्या पाठीमागे दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. मी चमचा भरला. यावेळी त्यांनी तोंड उघडलं.